डीप-व्ही बोटीसाठी डिझेल: दोन ३७० घ्यावीत की दोन ४४०?

ट्रान्सम२१:
९.८ मीटरची बोट, डीप-व्ही (खोल व्ही आकाराचा तळ), ट्रान्समला (मागच्या भिंतीला) २१ अंश डेडराइज (तळाचा आडव्या रेषेपासूनचा चढ). सध्या दोन ३२० एचपी पेट्रोल व्ही८, स्टर्नड्राइव्हसह (इंजिन आत, गिअर आणि प्रॉपेलर ट्रान्समच्या बाहेर). अर्ध्या टाक्या आणि चार माणसं धरून वजन ४,४०० किलो (बोट काट्यावर तोललेली आहे) आणि पूर्ण थ्रॉटलला ४६ नॉट. आता डिझेलवर जायचं आहे. दोन पर्याय समोर आहेत: यानमार ८एलव्ही-३७० ची जोडी (४.४६ लिटर व्ही८, ३८०० आरपीएम) किंवा व्होल्व्हो पेंटा डी६-४४० ची जोडी (५.५ लिटर, सरळ सहा सिलिंडर, ३७०० आरपीएम). ड्राइव्ह, एक्झॉस्ट, बॅटऱ्या सगळं धरून पहिल्या जोडीत आजच्यापेक्षा सुमारे ४०० किलो वाढतील, दुसरीत ८००. टॉप स्पीड ५० च्या आसपास हवा, पण बहुतेक वेळ ३५ ते ४० नॉटवरच चालवणार. कोणती जोडी घ्यावी? आणि इंजिनाशिवाय आणखी काय बदलावं लागेल?

स्लिप_बारा_टक्के:
वजन तोललंय हे फार बरं केलंत. बहुतेक लोक ब्रोशरमधलं वजन सांगतात आणि तिथेच हिशोब फसतो.

प्लेनिंग (पाण्यावर उचलून घसरत धावणाऱ्या) बोटीचा वेग साधारणपणे शक्ती भागिले वजन याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. तुमचेच आकडे घ्या. दोन ३७० म्हणजे शक्ती १.१५६ पट, वजन ४,८०० किलो म्हणजे १.०९ पट. भागाकार १.०६, वर्गमूळ १.०३. म्हणजे ४६ चे साधारण ४७.४ नॉट. दोन ४४० घेतली तर शक्ती १.३७५ पट, वजन ५,२०० किलो म्हणजे १.१८ पट, वर्गमूळ १.०८, वेग ४९.६ नॉट. थोडक्यात १४० एचपी आणि ४०० किलो जास्तीचे घालून हाती लागतात दोन नॉट. तेही पाणी शांत असताना.

इंधनाचं बघू. या वर्गातली इंजिनं पूर्ण भारावर प्रति किलोवॅट-तास साधारण २२० ग्रॅम डिझेल घेतात. २७२ किलोवॅटची जोडी म्हणजे ताशी सुमारे १४२ लिटर, ३२४ किलोवॅटची जोडी १७० लिटर. मात्र ३७० ची जोडी ३४०० आरपीएमवर आणलीत की प्रॉपेलरला लागणारी शक्ती पाऊण हिश्श्यावर येते आणि खप १०५ लिटरच्या आसपास. तुमचा बहुतेक वेळ तिथेच जाणार आहे.

खरी काळजी गुरुत्वमध्याची. ४०० किलो आजच्या गुरुत्वमध्याच्या २.२ मीटर मागे टाकलेत, तर तो ४,८०० किलोच्या बोटीत १८ सेंटिमीटर मागे सरकतो. ८०० किलो असतील तर ३४ सेंटिमीटर. डीप-व्ही बोट एवढ्यावर नाक वर-खाली मारायला लागते, आणि मग ट्रिम टॅब (ट्रान्समवरच्या झुकवता येणाऱ्या पट्ट्या) खाली दाबून ठेवल्यामुळे मिळालेले दोन नॉटही जातात. बॅटऱ्या आणि जमलं तर टाकी पुढे घ्या. माझं मत सरळ ३७० च्या बाजूने.

कोटेशन घेताना दोन गोष्टी लेखी मागा. एक, आकडा क्रँकशाफ्टवरचा आहे की प्रॉपेलर शाफ्टवरचा. मधल्या गिअरमध्ये ३-४ टक्के जातात. दुसरी, ड्युटी रेटिंग, म्हणजे इंजिनाने पूर्ण शक्ती किती वेळ द्यायची याची वर्गवारी. व्होल्व्होच्या आर५ रेटिंगचा अर्थ असा, की पूर्ण शक्ती १२ तासांत एकच तास वापरायची, बाकी वेळ आरपीएम किमान १० टक्के खाली, आणि वर्षाला ३०० तासांच्या आत. तेच इंजिन जास्त तास चालवायचं असेल तर कमी शक्तीचं रेटिंग घ्यावं लागतं. हाय-आउटपुट (लहान इंजिनातून जास्त शक्ती) म्हणजे काय ते या अटींमध्ये कळतं.

गिअरतेल:
वरच्या हिशोबाशी सहमत. एक मुद्दा मात्र ४४० च्या बाजूने जातो.

डिझेल बोटीची खरी परीक्षा १२ ते २० नॉटच्या दरम्यान होते, जेव्हा बोट स्वतःच्या लाटेवर चढत असते. प्रॉपेलर जड, आरपीएम कमी, आणि एक्झॉस्टमध्ये अजून एवढा वायू नसतो की टर्बो भरेल. हवा कमी आणि डिझेल जास्त, मग काळा धूर येतो आणि बोट नाक वर करून तिथेच अडकते. डी६ च्या मोठ्या आवृत्त्यांत टर्बोच्या जोडीला बेल्टवर चालणारा सुपरचार्जर असतो, तो नेमका हा खड्डा भरून काढतो. सुपरचार्जर नसलेल्या इंजिनाला हेच काम गिअर रेशोकडून करून घ्यावं लागतं, म्हणून रेशो निवडताना टॉप स्पीडच्या आधी पूर्ण टाक्या आणि सगळी माणसं घेऊन बोट वर येते का ते बघा. सर्फेस ड्राइव्हचा (वेगात प्रॉपेलर अर्धा पाण्याबाहेर चालतो तो) विचार मनात असेल तर जास्तच सांभाळा. तिथे कमी वेगाला अख्खा प्रॉपेलर पाण्यात बुडालेला असतो.

जुने ड्राइव्ह ठेवायचा मोह टाळा. टॉर्क = ९५४९ × किलोवॅट ÷ आरपीएम. ५४०० आरपीएमवर २७२ किलोवॅट देणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क ४८१ न्यूटन-मीटर, तीच शक्ती ३८०० वर देणाऱ्या डिझेलचा ६८३, आणि मधल्या आरपीएमला त्याहूनही वर. एचपी सारखे दिसतात, पण वरच्या गिअरच्या दातांवर जवळपास दीडपट भार येतो. आधी दातांवर खड्डे पडतात, गिअर ऑइलमध्ये चकाकणारी धूळ दिसते, मग एक दिवस दात तुटतो. ड्राइव्हवर टॉर्कची मर्यादा काय लिहिली आहे ते बघा.

ट्रान्सम२१:
३७० कडेच कल झुकतोय. पेट्रोलची टाकी आणि ४ इंची एक्झॉस्ट होज ठेवता येतील का? आणि प्रॉपेलरची पिच (एका फेऱ्यात तो जितका पुढे जाईल ते अंतर) ठरवायची कशी?

खारंपाणी:
होज नाही ठेवता येणार. या शक्तीच्या टर्बो डिझेलला साधारण ६ इंची लागते. लहान होजने बॅकप्रेशर वाढतं, एक्झॉस्टचं तापमान चढतं, आणि व्हॉल्व्ह व टर्बो लवकर जातात. टर्बोच्या पुढे, पाणी मिसळण्याच्या आधी एक छोटं भोक पाडून, आटे करून घ्या, म्हणजे पूर्ण भारावर मॅनोमीटर (दाब मोजायचं उपकरण) लावून प्रेशर मोजता येईल. आउटलेटला फ्लॅप हवेतच. ४५ नॉटवरून थ्रॉटल एकदम सोडला की मागची लाट ट्रान्समवर येऊन पाणी एक्झॉस्टमध्ये ढकलते, आणि ते सिलिंडरपर्यंत पोचलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

टाकी तपासून ठेवता येईल, पण पेट्रोलच्या टाकीला बहुधा रिटर्नची (उरलेलं इंधन परत येण्याची) जागा नसते. कॉमन रेल (उच्च दाबाने इंधन फवारणारं) इंजिन बरंच इंधन गरम करून परत पाठवतं, त्यासाठी वेगळं फिटिंग लागेल. टाकी आतून पूर्ण साफ करून घ्या. इंजिनाआधी १० मायक्रॉनचा, पाणी वेगळं करणारा फिल्टर प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र बसवा, जोडीने लावून एक चालू असताना दुसरा बदलता येईल असा. १९८६ साली व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर २ ही वेगवान बोट अटलांटिक ओलांडत असताना वाटेत भरलेल्या डिझेलमध्ये पाणी निघालं, आणि वारंवार फिल्टर बदलतच त्यांना पुढे जावं लागलं.

हवेसाठी ढोबळ नियम: एकूण एचपी × ३.३ = चौरस सेंटिमीटर. ७४० एचपीला सुमारे २,४४० चौ.सेंमी. मोकळी जागा. जाळी आणि पट्ट्यांनी झाकलेली जागा यात धरू नका. पडताळणी सोपी आहे: पूर्ण थ्रॉटलला इंजिनरूमचं झाकण बंद ठेवून आरपीएम बघा, मग किंचित उघडून. उघडल्यावर ४०-५० आरपीएम वाढले तर इंजिन गुदमरतंय.

आफ्टरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा) समुद्राच्या पाण्यावरचा असेल तर दर दोन वर्षांनी काढा, साफ करा, प्रेशर टेस्ट करा, ओ-रिंगला ग्रीस लावून बसवा. न काढता ठेवला तर मीठ आणि गंजाने तो ॲल्युमिनियमच्या घरात जाम होतो. नळी फुटली की खारं पाणी थेट सिलिंडरमध्ये. इम्पेलर (थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपाचं पात्यांचं चाक) दरवर्षी बदला, आणि जुन्याचं एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी शोधून काढल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

पिचसाठी सूत्र: नॉट = आरपीएम × पिच (इंच) ÷ (गिअर रेशो × १२१५), आणि त्यातून स्लिप (प्रॉपेलर पाण्यात निसटल्याने जाणारा वेग) वजा. ४७ नॉटला १२ टक्के स्लिप धरली तर हिशोबात ५३.४ नॉट हवेत. ३८०० आरपीएम आणि १.६५ रेशोला पिच २८ इंच येते. मग पूर्ण टाक्या आणि सगळी माणसं घेऊन चाचणी घ्या. आरपीएम ३८०० किंवा थोडे वर, ३८५० पर्यंत गेले पाहिजेत. ३६५० वर अडकले तर पिच चढी आहे. एक इंच कमी केल्यावर साधारण ३ टक्के, म्हणजे शंभरेक आरपीएम वाढतात. हलवर शेवाळ चढलं की हेच आरपीएम खाली येतात, म्हणून बोट नुकतीच साफ केलेली असताना नेमके ३८०० आले तर मी अर्धा इंच कमीच करायला लावेन.