पिशवी आधी की प्रार्थना आधी?

काउंटरवाला

सर्वांना सलाम.

३५ वर्षं टपाल कचेरीत काउंटरच्या जाळीमागे बसलो. निवृत्त झालो त्याच महिन्यात चर्चच्या पाळकांनी मंडळीच्या भेटगटात ओढलं. "तुमच्याकडे आता वेळच वेळ" म्हणाले. (निवृत्त माणसाकडे वेळ असतो ही अफवा कोणी उठवली, देव जाणे.) तेव्हापासून दर शनिवारी आम्ही चौघं, दोन जोड्या करून, अंथरुणाला खिळलेल्यांच्या आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जातो. एकूण ११ घरं, त्यातली पाच ख्रिस्ती नाहीत. बरोबर निळी पिशवी असते: मोठ्यांचे डायपर, साबण, पावडर, एखादी धुतलेली चादर, चिठ्ठीप्रमाणे गोळ्या.

आमची पद्धत ठरलेली आहे. आत जायचं, विचारपूस करायची, बायबलमधलं वचन वाचायचं, प्रार्थना करायची आणि निघताना पिशवी द्यायची. ही कोणी घालून दिली ते गटात कोणालाच सांगता येत नाही.

गेल्या शनिवारचं सांगतो. एक आजी आहेत, अर्धांगवायूने पडून. मुलगी सांभाळते. घर ख्रिस्ती नाही. आम्ही दारात दिसल्याबरोबर मुलीने टीव्ही बंद केला, हात जोडले आणि डोळे मिटले. आम्ही अजून चपला काढत होतो! तिचा सहा-सात वर्षांचा पोरगा शेजारी उभा राहिला. त्यानेही डोळे मिटले, पण एकच. दुसरा पिशवीच्या चेनवर. माझ्या जोडीदाराने वचन वाचलं, मग प्रार्थना धरली, आणि तो प्रार्थनेला बसला की घाईत नसतो. मध्येच आजी कण्हायला लागल्या. मुलीने डोळे न उघडता त्यांचा हात दाबला, गप्प राहा म्हणून. शेवटी सगळ्यांत खणखणीत आमेन त्या पोराचं.

पिशवी हातात दिली तेव्हा मुलगी म्हणाली, "बरं झालं आलात. सकाळीच डायपर संपले. तुम्ही येणार होतात म्हणून तशीच ठेवलीय आईला."

म्हणजे २० मिनिटं ती बाई ओल्यात पडलेली आणि आम्ही तिच्या आरोग्यासाठी देवाकडे मागणं मागत होतो. डायपर माझ्या मांडीवर.

काउंटरवर असताना माणूस काही सांगायला लागला की मी म्हणायचो, "आधी फॉर्म भरा, मग बोला." त्या रात्री तेच वाक्य डोक्यात घुमत राहिलं. आमची प्रार्थना त्या घरांसाठी फॉर्म झालीय का? गटात विषय काढला तर जोडीदार म्हणाला, "प्रार्थना काढली तर आपल्यात आणि सामान पोचवणाऱ्या पोरांत फरक काय राहिला?" हेही मला खोटं वाटत नाही. तुमच्याकडे कसं करता?

जुनीपानं

प्रश्न जुना आहे आणि त्यावर माणसं चांगलीच पोळलेली आहेत.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक रोगाने गेलं, पुढची काही वर्षं लोक लाखोंनी मेले. काही प्रॉटेस्टंट प्रचारकांनी भुकेल्या कॅथलिकांना सूप देताना धर्मशिक्षणाची अट जोडली. अशी अट घालणारे थोडेच होते, पुष्कळ पाद्र्यांनी विनाअट पोटं भरली, काही त्यातच तापाने गेले. पण लक्षात काय राहिलं? अट. ज्यांनी ती मानली त्यांच्या घराण्यांना "सूप घेतलेले" म्हणून पिढ्यान्पिढ्या हिणवलं गेलं. क्वेकर या छोट्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी त्याच दुष्काळात काही न विचारता कढया चढवल्या. त्यांचं नाव आजही तिथे आदराने घेतात.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं उदाहरण याहून अवघड आहे. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन हे विधवा मुलींसाठीचं त्यांचं वसतिगृह-शाळा निघालं, मग ते पुण्याला गेलं. तिथे धर्माची सक्ती नाही असं वचन होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये वादळ उठलं आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मी कोणाला बोलावलं नाही, कोणाला अडवलंही नाही, ही रमाबाईंची बाजू, आणि मला ती खरी वाटते. पण छप्पर ज्याचं, अन्न ज्याचं, त्याच्या उघड्या दाराचंही वजन पडतं. तुमच्या पिशवीचंही तसंच आहे, काका. तुम्ही अट घातली नसेल, पण त्या मुलीने चपलांचा आवाज ऐकून डोळे मिटले. तिच्या हिशेबी अट आहे.

१९९४ मध्ये रेड क्रॉस आणि मदतसंस्थांनी मिळून आपत्तीतल्या मदतीची आचारसंहिता केली. मदत कोणत्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी वापरणार नाही, असं एक कलम त्यात आहे. ती काढणाऱ्यांत कारितास ही कॅथलिक मदतसंस्था आणि चर्चेसची जागतिक परिषदही होती.

रात्रपाळी

काका, मी सिस्टर आहे, रुग्णालयातली (मठातली नव्हे). प्रार्थनेचं तुम्ही मोठी माणसं बघा. मी पिशवीबद्दल बोलते.

पावडर काढून टाका. घामात आणि लघवीत तिचे गोळे होतात, कातडीच्या घड्यांत बसतात आणि घासतात. त्याऐवजी झिंक ऑक्साइडचं मलम ठेवा. ओली कातडी मऊ पडते, त्यावर हाडाचा दाब आला की आतलं रक्त थांबतं आणि जखम धरते. माकडहाड, टाचा, खुबे ही तीन ठिकाणं दर भेटीत बघा, अर्थात आजींना आणि मुलीला विचारून. लालसर भाग बोटाने दाबायचा. सोडल्यावर पांढरा होऊन परत लाल झाला तर ठीक. लालच राहिला तर जखमेची सुरुवात समजा. सावळ्या रंगावर लाली दिसत नाही, तेव्हा हात लावून बघा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतं का. आणि तिथे चोळायचं नाही! घरोघरी लोक प्रेमाने तेल लावून चोळतात, त्याने आतली कातडी आणखी फाटते. कुशी साधारण दर दोन तासांनी बदलायची.

आता त्या मुलीचं. दोन तासांनी कूस म्हणजे ती रात्री झोपते कधी? शेवटची घराबाहेर कधी पडली होती, विचारलंत? तुम्ही दोघं आजींजवळ दीड तास बसा आणि तिला म्हणा, जा कुठे जायचं तिथे. हे पिशवीत मावत नाही, पण आमच्या वॉर्डातून घरी गेलेल्या पेशंटच्या बायका-मुली हेच मागतात.

द्राक्षमळ्यातला गडी

मी ४० वर्षं सुवार्तेच्या कामात आहे. वरचं सगळं वाचलं. सिस्टरबाईंचं मान्य, पेशंटला आधी कोरडं करायला हवं होतं, त्यात वाद कसला. पण ह्या निमित्ताने प्रार्थनेलाच कोपऱ्यात बसवू नका.

एका एकट्या म्हाताऱ्याकडे आम्ही सामान घेऊन जायचो. एकदा त्याने पिशवी परत माझ्या हातात दिली. म्हणाला, हे माझा पुतण्या आणतो, तू बस आणि माझं नाव घेऊन देवाशी बोल, माझं नाव कोणी मोठ्याने घेतच नाही आता. सामान पोचवणारा पोरगा हे करील का? गरज काय आहे हे आपण ठरवायचं नाही म्हणता, मग गरज फक्त डायपरचीच, हे तरी तुम्ही कसं ठरवलंत?

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातं अशी कुरकुर झाली, तेव्हा सात माणसं निवडली. वाटपाला का होईना, पण आत्म्याने भरलेली माणसं निवडली आणि प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. कामाआधी प्रार्थना झाली, हे लक्षात घ्या.

पलीकडचा

गडीकाका, त्या अध्यायात प्रार्थना वाढणाऱ्यांवर झाली. विधवांना पंगतीआधी रांगेत उभं केलं नव्हतं.

मी एरवी लिहीत नाही. तो एक डोळा उघडा ठेवणारा पोरगा वाचला आणि राहवलं नाही. तो मी होतो. वडील दीड वर्ष अंथरुणावर होते. आमच्याकडे दोन ठिकाणची माणसं यायची. एक गट फोटो काढायचा. वडिलांच्या उशाशी सामान मांडायचं, आईने एक टोक धरायचं, त्यांच्यातल्या कोणीतरी दुसरं. आई फोटोत कधी कॅमेऱ्याकडे बघायची नाही. तिला वाटायचं, बघितलं नाही तर ते आपण नव्हेच.

दुसऱ्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई. एकट्याच यायच्या. पहिल्या दिवशी गळ्यातली टेप काढून माझं माप घेतलं, कारण माझी शाळेची चड्डी आखूड झालेली त्यांना दिसली. मी मागितली नव्हती. (पुढे त्याच पुस्तकात टबीथाची गोष्ट वाचली. ती मेल्यावर विधवा रडत रडत तिने शिवलेले कपडे दाखवतात, तिथे मला ही टेप दिसते.) त्यांनी आईला एकदाच विचारलं, "प्रार्थना करू का?" आई म्हणाली, नको. त्या बरं म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या. मी आठवडाभर धास्तावलेलो. आता ह्या येणार नाहीत.

पुढच्या आठवड्यात आल्या. पिशवी मी उचलून बघितली. तेवढीच जड होती.

आई ख्रिस्ती झाली नाही. मीही नाही. हे वाचायला येतो, एवढंच.

काउंटरवाला

सगळ्यांचे आभार. पलीकडचे, तुमचं लिहिणं मी जोडीदाराला फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, या शनिवारी तू सांगशील तसं.

काल गेलो. पिशवी उंबऱ्यातच मुलीच्या हातात दिली. तिने सवयीने हात जोडले, मी म्हटलं आधी आजींना बदलून घ्या, आम्ही बाहेर थांबतो. तर ती म्हणाली, थांबता कशाला, उचलायला हात लावा. तिने आईला कुशीवर वळवलं, मी खांद्याला धरलं, जोडीदाराने ओली चादर लांबीत गुंडाळत पाठीपर्यंत आणली आणि नवी तिच्यामागोमाग पसरली. आजींना पलीकडच्या कुशीवर घेतलं, जुनी ओढून काढली. दोघं साठीचे, दोघांनाही घाम. आजी माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटल्या. मुलगी म्हणाली, "हळू धर म्हणतेय."

मग मी विचारलं, प्रार्थना करू का? मनात धाकधूक होती, पण खरंच विचारलं. मुलगी म्हणाली, "आज राहू दे, डोळा लागतोय तिचा." जोडीदाराचा चेहरा पडला, माझाही थोडा पडला असेल. उगीच खोटं कशाला बोलू. आम्ही बसतो, तू बाहेर जाऊन ये म्हटलं तर तिला आधी पटेना. शेवटी गेली. तासाभराने आली ती नुसती कोपऱ्यापर्यंत चालून आली होती, काही न घेता. आम्ही निघालो तेव्हा पोरगा दारापर्यंत आला. "आमेन नाही आज?"

गडीकाका, तुमच्या म्हाताऱ्याचं मी विसरलेलो नाही. उरलेल्या घरांत कोण हो म्हणतं, कोण नाही, ते विचारल्याशिवाय कळणार नाही. सहा घरांत विचारलं, चौघं हो म्हणाले. एक बाई म्हणाली, "करा, पण छोटी." जोडीदाराने खरंच छोटी केली.

सिस्टर, तुम्हाला एक विचारायचं होतं. चादर बदलताना आजींच्या डाव्या टाचेवर डाग दिसला, रुपयाएवढा. दाबला, लालच राहिला. पुढचा शनिवार लांब आहे.

रात्रपाळी

शनिवारची वाट बघू नका, आजच फोन करा. पोटरीखाली उशी द्यायला सांगा, गुडघ्याच्या खालपासून घोट्याच्या वरपर्यंत, म्हणजे टाच अधांतरी राहील, गादीला टेकणार नाही. टाचेखाली गोल रिंग वगैरे नको, तिच्या कडेने उलट दाब येतो. कातडी फुटली, फोड आला किंवा काळसर झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. मधुमेह आहे का तेवढं विचारून इथे कळवा.