घटस्फोटाच्या जुन्या हुकूमनाम्याची (डिक्रीची) पक्की नक्कल: दावा क्रमांक नसताना शोध कसा लावायचा?

मदत हवी आहे. परस्पर संमतीचा घटस्फोट, हिंदू विवाह कायदा कलम 13ब, निकाल 2004 च्या आसपासचा. हातात फक्त पक्षकारांची नावं आहेत. तेव्हा जिल्ह्यात कौटुंबिक न्यायालय नव्हतं, म्हणजे अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालला असणार.

ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने, 'निकाली' निवडून, 2002 ते 2005 वर्षं एकेक करून शोधलं. देशपांडे या आडनावाचं स्पेलिंग तीन तऱ्हांनी टाकलं, माहेरचं नावही टाकलं. काही नाही. इतकी जुनी प्रकरणं बऱ्याचदा तिथे चढवलेलीच नसतात, त्यामुळे सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर (प्रत्येक प्रकरणाचा तिथला खास क्रमांक) मिळण्याची आशा सोडली आहे.

आता नेमकं विचारायचं ते असं:

नोंदवहीतून क्रमांक काढायला नक्कल विभागात वेगळा शोध अर्ज द्यावा लागतो का? कौटुंबिक न्यायालय नंतर सुरू झालं असेल, तर निकाली फायली तिकडे जातात की जुन्याच रेकॉर्ड रूममध्ये राहतात?

पक्षकार परदेशात आहे. भावाला साधं अधिकारपत्र चालेल, की वकीलपत्रच लागेल?

आणि अर्जात निकालपत्र व हुकूमनामा दोन्ही स्वतंत्र लिहायचे ना? नुसतं 'निकालाची प्रत' लिहिलं की हुकूमनामा राहून जातो, आणि पुनर्विवाहाच्या नोंदणीला नेमका तोच मागतात.