विपश्यनेनं माणूस शांत झाला, पण घरच्यांपासून लांब गेला तर?

ठाण्याची_ऋतुजा
नवरा मार्चमध्ये इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यना ध्यानाचा दहा दिवसांचा कोर्स करून आला. आधी भयंकर तापट, भरलं ताट सरकवून उठणारा. आता आवाज चढत नाही, सिगारेट सुटली. सासरचे म्हणतात, नशीब काढलंस! पण तो रोज दोन वेळा तासभर दार लावून बसतो, आणि सकाळचा तास नेमका डब्यांचा, दुधाचा, शाळेच्या रिक्षाचा. गेल्या आठवड्यात आईच्या गाठीचा रिपोर्ट आला. मी ओट्याशी रडत होते. हा शांतपणे म्हणाला, "सगळं अनित्य आहे." पूर्वीचा चिडका माणूस निदान गाडीची किल्ली घेऊन धावला असता. ज्या साधनेनं घरचं माणूस परकं होतं, तिला मी तरी बरं होणं म्हणणार नाही.

जुना_साधक
ताई, पटलं नाही. माझे चार कोर्स झालेत. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना. राग तोंडातून बाहेर पडायच्या आधी छातीत कसा तापतो, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. आणि माणसं तोडायला कोणी शिकवत नाही. दहाव्या दिवशी मैत्री-भावना देतात, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायला शिकवतात, तोवरचं मौन सुटतं, ते परत माणसांत जायचं म्हणूनच. नवा साधक समता, म्हणजे मनाचा तोल, आणि कोरडेपणा यांत गल्लत करतो, मीही वर्षभर केली. थोडा वेळ द्या त्यांना.

शेवंती
वेळ कोणी द्यायचा? नेहमी बाईनंच? माझ्या वडिलांनी माळ घातली, दारू सुटली, त्याचा आनंदच आहे. पण दर आषाढीला पेरणीच्या तोंडावर ते वारीला जायचे आणि बैल, बियाणं, आजारी आजी सगळं आईच्या गळ्यात. गाव वडिलांच्या पाया पडायचं. भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबांसाठी भाकरी घेऊन जाणाऱ्या त्यांच्या बायकोला, जिजाईलासुद्धा आपण कजागच ठरवलं ना?

नाशिककर
दुसरी बाजू सांगतो. मी दारू सोडली तेव्हा बायकोला आधी आनंद झाला, मग ती गप्प गप्प राहायला लागली. आमचं बोलणंच भांडणातून व्हायचं. भांडण गेलं आणि बोलायला काही उरलं नाही. ती मला सांभाळायची, तेच तिचं काम झालं होतं. बदललो मी, पण नव्यानं संसार दोघांना मांडावा लागला. ऋतुजाताई, तुम्हीही त्यांच्या शांतपणाला थोड्या बिचकला असाल का?

शेवंती
आईचा रिपोर्ट हातात असताना हा प्रश्न तिला विचारू नका. त्याला विचारा.

ठाण्याची_ऋतुजा
नाशिककर, बिचकले असेन, नाकारत नाही. त्याच्या रागाशी कसं वागायचं ते मला पाठ होतं. पण माझं म्हणणं तेच आहे. ध्यान करणाऱ्याला ओट्याशी रडणारी बायको दिसली पाहिजे. काल मी त्याच्या ध्यानाच्या बैठकीत दार वाजवलं, तीन महिन्यांत पहिल्यांदाच. हे सगळं त्याला तोंडावर सांगितलं. तो बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला, मग उठून पोराला रिक्षात बसवून आला. मंगळवारी आईची बायॉप्सी आहे, सातला निघायचंय. रात्री त्यानं गजर चारचा लावला, म्हणाला, "बैठक आधी उरकतो, गाडी मी चालवेन."