शब्दचर्चा: निर्वासित, शरणार्थी की तिसरंच काही?

कागदीघोडा
टोरोंटोतल्या एका संस्थेचं माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. दोनच पानं आहेत, पण शब्दागणिक अडतंय. मथळ्याचा आशय असा की शहरात नव्याने आलेल्या परदेशी लोकांना आणि रेफ्युजींना मदत करणाऱ्या कम्युनिटी संस्था कोणत्या. मी लिहिलं, 'स्थलांतरित व निर्वासित यांच्यासाठी काम करणाऱ्या सामाजिक संस्था'. हिंदी पत्रक तपासणाऱ्या बाईंनी 'निर्वासित' खोडला. म्हणाल्या, निर्वासित म्हणजे देशाबाहेर काढलेला माणूस, त्यामुळे वाचणारा घाबरेल. त्यांना 'शरणार्थी' हवा आहे. यात मराठीपुरतं बरोबर काय? शिवाय सेटलमेंट वर्कर (नव्याने आलेल्यांना घर, शाळा, कागदपत्रं यांत मदत करणारा), क्लेमंट, स्पॉन्सर आणि न्यूकमर यांनाही शब्द हवेत. शुक्रवारी छपाईला जायचंय.

ऱ्हस्वदीर्घ
निर्वासितच ठेवा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना मराठी वर्तमानपत्रांनी निर्वासितच म्हटलं. हिंदीत एखाद्या शब्दाचा अर्थ काय होतो यावर मराठी पत्रक ठरवायचं झालं तर उद्या 'शिक्षा' आणि 'चेष्टा'ही सोडून द्यावे लागतील. शरणार्थी मराठीत कानाला खटकतो, कारण आपल्याकडे शरण जाणं म्हणजे हार मानणं.

भीमथडी
हार मानणं? महाराष्ट्रात रोज लाखो घरांत त्रिशरण म्हटलं जातं. तिथे कोण कोणापुढे हार मानतं? शरणचा मूळ अर्थच आसरा. 'शरण आला' हा लढाईतला अर्थ त्यातूनच निघालेला आहे. खटकतो तो तुमच्या कानाला.

बखरवाला
बाईंचं व्याकरण मात्र चुकलेलं नाही. 'निर्वासित' हे कर्मणी रूप आहे, म्हणजे ज्याला कुणीतरी घालवून दिलं तो. आपण होऊन जीव मुठीत धरून निघालेल्याला जुन्या मराठीत वेगळा शब्द होता, परागंदा. फारसीत त्याचा अर्थ विखुरलेला. दुष्काळ पडला, स्वारी आली की गाव परागंदा व्हायचं. मग ते पुन्हा वसवायला सरकार कौल, म्हणजे सवलतीचं वचन, द्यायचं, आणि नव्याने जमीन कसणाऱ्याला इस्ताव्याने सारा लावायचे, पहिल्या वर्षी थोडा आणि पुढे वर्षागणिक चढता. बाहेरून येऊन कसणारा तो उपरी, वतनाचा तो मिरासदार. आजच्या 'उपरा'त जो दंश आहे तो तिथला.
फाळणीनंतरच्या सरकारी भाषेतही एकच शब्द नव्हता. आलेले ते विस्थापित, १९५४चा भरपाईचा कायदा त्यांचाच. गेलेले ते निष्क्रांत, म्हणून त्यांच्या मागे राहिलेल्या घरादाराला निष्क्रांत मालमत्ता. खुद्द आलेल्यांपैकी पुष्कळांना शरणार्थी म्हटलेलं आवडत नसे, ते स्वतःला पुरुषार्थी म्हणवत.

वळीव
कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या सुमारे पाच हजार लोकांची छावणी होती, बायका-मुलंच जास्त. सोव्हिएत रशियाने त्यांना सायबेरियाकडे नेऊन टाकलं होतं, तिथून सुटून ते इकडे आले. म्हणजे बखरवाल्यांच्या व्याकरणाने हे अस्सल निर्वासित. ते गेल्यावर त्याच बराकींत सिंधी आले आणि गांधीनगर झालं. आज तिथे कापडाच्या पेठेत कुणी निर्वासित म्हणत नाही, विस्थापितही म्हणत नाही. कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं तरी लोक अजून 'कॅम्प नंबर चार'च म्हणतात. पिंपरी कॅम्पचंही तेच. राहिला तो शब्द छावणीचा, माणसाचा नव्हे.

स्कार्बरोकर
धागा रंगलाय, पण पत्रक हातात धरणारा माणूस कुठल्या खिडकीवर जाणार ते आधी बघा. कॅनडात 'रेफ्युजी' या एका शब्दाखाली तीन वेगळी माणसं येतात.

पहिला, परदेशात असतानाच निवडून सरकारने आणलेला. टोरोंटोत त्याला कॉस्टी ही संस्था उतरवून घेते. मुळात इटालियन लोकांसाठी निघालेली संस्था, आता सगळ्यांची. तात्पुरती राहण्याची सोय, बँकेचं खातं, सिन नंबर (नोकरी आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक), आरोग्यपत्र, मुलांच्या शाळा, भाड्याचं घर अशी ती गाडी पुढे सरकते. सरकारी भत्ता साधारण वर्षभर.

दुसरा, खाजगी स्पॉन्सरने आणलेला. पाच जणांचा गट, एखादं चर्च किंवा मंडळ त्याचा बहुधा बारा महिन्यांचा खर्च आणि सोबत दोन्ही अंगावर घेतं. ही पद्धत १९७९मध्ये व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसच्या लोकांमुळे मोठी झाली. हे दोघेही विमानातून उतरतात ते कायम रहिवासी म्हणूनच.

तिसरा, इथे पोचल्यावर, विमानतळावर किंवा नंतर ऑनलाइन, संरक्षण मागणारा. हाच तुमचा क्लेमंट. सुनावणी होऊन निकाल लागेपर्यंत तो अर्जदारच. केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या सेटलमेंट सेवा त्याला मिळत नाहीत. 'लिंक' नावाचे इंग्रजीचे मोफत वर्ग त्याच पैशाचे, म्हणून तेही नाहीत. पण ऑंटारिओ प्रांताच्या पैशाचे प्रौढांचे इंग्रजी वर्ग त्याला खुले आहेत. दवाखान्याला इंटरिम फेडरल हेल्थ, पोटापाण्याला ऑंटारिओ वर्क्स, वकिलाला लीगल एड. काम करायचा परवाना वैद्यकीय तपासणी झाल्याशिवाय मिळत नाही आणि सिन नंबर मिळतो तो ९ने सुरू होणारा, म्हणजे तात्पुरता. त्याची मुदत परवान्याला बांधलेली.

आता पत्रकात 'निर्वासितांसाठी मोफत इंग्रजी वर्ग' एवढंच छापलं तर तिसरा माणूस दोन बस बदलून येतो, खिडकीवरची बाई त्याचा कागद बघते आणि परत पाठवते. दुसऱ्यांदा तो कुठल्याच संस्थेच्या दारात जात नाही. निर्वासित की शरणार्थी हे काहीही घ्या, पण पहिल्या दोघांना एक आणि तिसऱ्याला वेगळा शब्द असलाच पाहिजे. आणि तिसऱ्यासाठी त्याच्याच कामाची संस्था सांगा. एफसीजे रेफ्युजी सेंटरसारख्या जागी अर्ज भरण्यापासून मदत होते. काहीच सुचलं नाही तर २११ हा फोन नंबर, तिथे दुभाषी जोडून देतात.

कागदीघोडा
हे नेमकं हवं होतं. पण तिसऱ्याला म्हणू काय? 'दावेदार' लिहिलं होतं.

मिरची_भजी
दावेदार मुख्यमंत्रिपदाचे असतात.

ऱ्हस्वदीर्घ
आश्रयार्थी. संस्कृतात बसतो, आणि विद्यार्थी, परीक्षार्थी यांच्या रांगेत शोभतो.

स्कार्बरोकर
रांगेत शोभतो, खिडकीवर नाही. विद्यार्थी ऐकून सवय आहे म्हणून 'आश्रयार्थी' कळतो असं वाटतं, प्रत्यक्षात 'आश्रय मिळालेला' असाच अर्थ निम्मे लोक घेतील. एक शब्द कशाला हवा? 'आश्रयासाठी अर्ज केलेले, निकाल न लागलेले' असं सरळ लिहा. अर्धी ओळ जाईल, जाऊ दे.
जाता जाता: केंद्राच्या त्या सेवा परदेशी विद्यार्थ्यालाही नाहीत आणि नागरिकत्व घेतलेल्यालाही नाहीत. मराठी पत्रक वाचणाऱ्यांत विद्यार्थीच पुष्कळ निघतील, तेव्हा ही ओळ ठळक छापा. आणि 'स्थलांतरित' म्हटल्यावर विद्यार्थ्याला तो आपणच वाटतो, त्याचंही बघा.

सोलापुरी_चादर
स्थलांतरित म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे ऊसतोड कामगार येतात. आणि 'सेटलमेंट' तसाच ठेवणार असाल तर सोलापूरच्या माणसाला विचारा. सोलापुरात सेटलमेंट ही वस्ती आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांना तारेच्या कुंपणात कोंडून हजेरी घ्यायचे ती जागा. कायदा १९५२ साली गेला, नाव राहिलं. 'सेटलमेंटमध्ये या, मदत मिळेल' हे तिथल्या माणसाला कसं ऐकू येईल?

बखरवाला
आणि सरकारी परिभाषेत शोधायला जाल तर पुण्याचे सेटलमेंट कमिशनर म्हणजे जमाबंदी आयुक्त. पत्रकात 'जमाबंदी कार्यकर्ता' छापून आलं तर नवल नाही. वसाहत म्हणाल तर औद्योगिक. पुनर्वसन म्हणाल तर कोयनेपासून पुढे सगळी धरणं आठवतात.

ऱ्हस्वदीर्घ
स्थैर्यसेवक.

मिरची_भजी
हाडं मोडल्यावर ज्याच्याकडे जातात तो?

भीमथडी
मराठीत चांगला वाक्प्रचार पडून आहे, बस्तान बसवणे. 'नव्या शहरात बस्तान बसवायला मदत करणारे कार्यकर्ते'. न्यूकमरला 'नव्याने आलेले' पुरे. नवागत भाषणातला, नवखा म्हटलं तर काही येत नाही असा अर्थ होतो, आणि आगंतुक म्हटलं तर बोलावलं कुणी?
'कम्युनिटी'चा घोळ मात्र सुटलेला नाही. 'समाजसंस्था' चुकूनही लिहू नका, मराठीत 'समाज'च्या आधी जातीचं नाव असतं. वाचणारा विचारेल, कुठल्या समाजाची? 'सामाजिक संस्था' चालेल.

स्कार्बरोकर
सहमत. टोरोंटोत खरोखर दोन्ही प्रकारच्या संस्था आहेत. काही एका भाषेच्या किंवा देशाच्या, काही वस्तीतल्या कुणाच्याही. आत शिरताना 'मी चालेन का' हाच पहिला प्रश्न असतो. मथळ्याखाली 'भाषा, धर्म, देश कुठलाही असो' एवढं टाका. २०१३पासून टोरोंटो महापालिकेचं धोरणही असं आहे की शहराच्या सेवा देताना इमिग्रेशनचे कागद विचारायचे नाहीत. अशा शहराला इंग्रजीत सँक्चुअरी सिटी म्हणतात.

वळीव
अभयारण्य शहर!

मिरची_भजी
आत गाड्या सावकाश चालवा, हॉर्न वाजवू नका.

बखरवाला
हसू नका, अभयपत्र हा चांगला जुना शब्द आहे. 'अभय असलेलं शहर' म्हणता येईल.

स्कार्बरोकर
म्हणता येईल, पण छापू नका. केंद्राची सीमा पोलीस महापालिकेच्या हुकमात नाही. अभय छापून आलं तर लोक ते खरं धरतील.

कागदीघोडा
स्पॉन्सर राहिला. प्रायोजक लिहू का?

सोलापुरी_चादर
प्रायोजक गणपतीच्या कमानीवर असतो. हमीदार लिहा.

स्कार्बरोकर
हमीदार नको. बँकेचा हमीदार कर्जदाराने हप्ता थकवला की मग कामाला येतो. इथला स्पॉन्सर पहिल्या दिवसापासून भाडं भरतो. शिवाय पैसा हा अर्धाच भाग आहे. डॉक्टर, शाळेचं नाव नोंदवणं, हिवाळ्याचे बूट, बसचं कार्ड हे सगळं त्याच्या माथी. लोक कमी पडतात ते इथेच. पैसे जमतात, पण तिसऱ्या महिन्यानंतर गटातले तीन जण फिरकत नाहीत आणि उरलेल्या दोघांवर सगळं येतं.

भीमथडी
मग पालक?

ऱ्हस्वदीर्घ
चाळीस वर्षांच्या माणसाला पालक? यजमान लिहा.

मिरची_भजी
'आपल्या यजमानांना सोबत आणा.' बायका नवऱ्याला घेऊन येतील.

बखरवाला
वर कुणीतरी 'दुभाषी' लिहिलंय. दुभाष्या हे नाम, दुभाषी हे विशेषण.

ऱ्हस्वदीर्घ
दुभाषी नाम म्हणूनही रूढ आहे. शुद्धलेखनात मीही कडक आहे, पण 'दुभाष्या' म्हणजे अरे-तुरे केल्यासारखं वाटतं. कोर्टात काम करणाऱ्या बाईंना दुभाष्या म्हणणार?

स्कार्बरोकर
नाव काहीही द्या. आश्रयाच्या अर्जावर निकाल देणाऱ्या निर्वासित मंडळापुढच्या सुनावणीला दुभाषी मंडळच देतं, फुकट. मात्र आपली भाषा आणि बोली फॉर्मवर आधीच लिहावी लागते. बदलायची असेल तर सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी कळवायचं. घरी अहिराणी बोलणाऱ्याने नुसतं 'मराठी' लिहिलं की तिथे पुणेरी मराठी समोर येते आणि माणूस गोंधळतो. त्या उत्तरांतली विसंगती त्याच्याच नावावर लागते.
कागदपत्रांचंही तसंच. मराठी कागद जसाच्या तसा चालत नाही, इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर जोडायचं, आणि भाषांतरकाराचं निवेदन: नाव, कुठल्या भाषेतून व बोलीतून केलं, भाषांतर अचूक असल्याचं विधान, सही. हेही दहा दिवस आधी पोचायला हवं. निवेदन नाही म्हणून चांगला कागद बाजूला राहू शकतो.

वळीव
पोलीस ठाण्याच्या कागदात 'अदखलपात्र गुन्हा' असतं, त्याचं लोक काय करतात?

स्कार्बरोकर
दखल घेण्यालायक नाही, असं सरळ भाषांतर करतात. म्हणजे तक्रारीत काही दमच नव्हता असा अर्थ जातो. खरं तर ती कायद्यातली वर्गवारी आहे: पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करू शकत नाहीत, एवढंच. 'फिर्यादी'लाही जपा. घाईत फिर्यादीचा आरोपी होतो.
आणि सगळ्यात महाग पडणारा शब्द हद्दपार. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलम ५५ ते ५७. जिल्ह्यातून किंवा लगतच्या जिल्ह्यांतून बाहेर राहायचा हुकूम, जास्तीत जास्त दोन वर्षांचा. इंग्रजीत त्याला एक्स्टर्नमेंट म्हणतात. शब्दकोश बघून डिपोर्टेशन लिहिलं की समोरचा विचारतो, तुम्हाला कुठल्या देशाने काढलं?

मिरची_भजी
म्हणजे आमच्याकडचा तडीपार.

बखरवाला
तडीपार आणि हद्दपार एक नव्हेत. तड म्हणजे नदीचा काठ. काठापलीकडे घालवला तो तडीपार.

ऱ्हस्वदीर्घ
एकच आहेत. हुकमात हद्दपार असतो, बातमीत तडीपार. आणि 'हुकमात' लिहायचं, 'हुकुमात' नाही, वर बरोबर लिहिलंय.

सोलापुरी_चादर
आमच्याकडे तडीपार झालेला शेजारच्या जिल्ह्यात मेव्हण्याच्या घरी राहतो आणि दर रविवारी जेवायला येतो. त्याला निर्वासित म्हणायचं का?