परदेशातल्या वाळवंटात कॅमेरा: नाशिककरांचा अनुभव धागा

नाशिकहून दिवाळीत दुबई-जॉर्डनला आणि आपल्याकडे पाऊस कोसळत असताना नामिबियाला निघणारी मंडळी कॅमेरा घेऊनच निघतात. त्यांच्यासाठी हा धागा. प्रवासवर्णन नको. कुठली सेटिंग, कुठली वेळ, काय बिघडतं आणि का, एवढंच नेमकं लिहा, वर आपल्या भागाचं नाव टाकून.

गंगापूर रोड
नामिबियातल्या सोसूसव्लेईला (उंच वाळूच्या टेकड्यांचा भाग) आधी वेळेचं गणित, मग कॅमेऱ्याचं. पार्कच्या सेसरीम गेटपासून ६० किमी डांबरी रस्ता, पुढे ५ किमी निव्वळ वाळू (तिथे फोर बाय फोर किंवा तिथली शटल), मग डेडव्लेईपर्यंत (वाळलेल्या झाडांचा पांढरा, सपाट तळ) किलोमीटरभर पायी. दीड तास धराच. पार्कच्या आत मुक्काम असेल तर सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात, बाहेर असेल तर सूर्योदयाला. सगळा फरक या एका तासाचा. तळाची पांढरी माती अजून सावलीत आणि मागची टेकडी केशरी झालेली, हे दृश्य थोडाच वेळ टिकतं. खर्च कमी करायचाच तर भाड्याच्या लेन्सवर करा, आतल्या मुक्कामावर नको.

तिथे वाइड लेन्स मोहात पाडते, पण खरं काम ७०-२०० मिमी झूम लेन्सचं. मागे सरकून झूम करा, म्हणजे टेकडी झाडांच्या पाठीशी येऊन भिडते. एफ ११ (लेन्सचं छिद्र लहान), आयएसओ १०० (प्रकाशाची संवेदनशीलता कमी), ट्रायपॉड. दोन झाडांच्या फांद्या एकमेकींत अडकू देऊ नका. दोन पावलं डावी-उजवीकडे सरकलं की मोकळ्या होतात. ही झाडं शेकडो वर्षांपूर्वी वाळली, हवा इतकी कोरडी की कुजलीच नाहीत. त्यांना टेकू नका, बॅग अडकवू नका.

सिडको
एक्स्पोजरबद्दल, म्हणजे फोटो किती उजळ ते. उजळ वाळू भरपूर असली की कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर फसतो, फोटो काळपट येतो. फिकट वाळूला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१ द्या. लाल-केशरी वाळूला मात्र हे आंधळेपणाने करू नका. तिथे साधा हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) ठीक दिसतो आणि लाल चॅनल आधीच उजवीकडे आपटलेला असतो. मग टेकडीच्या अंगावरच्या लहरी जाऊन सपाट केशरी डाग उरतो. म्हणून आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा वेगळा दाखवणारा) चालू ठेवा आणि फोटो रॉ फाइलमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) काढा. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ऑटोवर नको, ५५०० केल्विनवर बांधून टाका. जॉर्डनमधल्या वादी रमच्या लाल खडकांतही हेच. ऑटो तिथली लाली धुऊन टाकतो.

पोलरायझर (चमक कमी करून आभाळ गडद करणारा फिल्टर) २४ मिमीहून रुंद लेन्सवर काढून ठेवा, आभाळात गडद पट्टा येतो.

पंचवटी
वाळूतला ट्रायपॉड. बहुतेक जण वरचे जाड भाग आधी उघडतात. वाळूत उलटं करा: सर्वांत खालचा बारीक भाग आधी पूर्ण काढा, म्हणजे त्याचं लॉक जमिनीपासून वर राहतं. लॉक वाळूत रुतलं की पाय बंद करताना दाणे आत ओढले जातात आणि पुढे प्रत्येक वेळी करकर. पाय दाबून रोवा, दोन-तीन सेकंद थांबा, मग टायमरवर क्लिक.

लेन्स बदलू नका. दोन बॉडी (लेन्सशिवायचे कॅमेरे) असतील तर दोन्हीवर लेन्स हॉटेलातच चढवा. एकच असेल तर २४-१०५ मिमी लेन्स पुरते. काचेवर वाळू बसली तर आधी हवेचा फुगा, मग मऊ ब्रश, कापड सर्वांत शेवटी. आधी कापड फिरवलं तर ते सॅंडपेपरचं काम करतं.

नाशिकरोड
दुबई आणि अबुधाबीच्या लिवा वाळवंटात वेगळी अडचण: पहाटेचा दमटपणा. एसी खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की काच धुरकट होते आणि सूर्योदय निघून जातो. रात्रीच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा, बाहेर आल्यावर अर्धा तास पिशवी उघडू नका.

आणि टेकडीवर चढण्याआधी चौकट ठरवा. पावलांचे ठसे वारा लगेच पुसत नाही. ज्या बाजूचा फोटो हवा तिच्या उलट बाजूने वर जा.

इंदिरानगर
जून-जुलैत नाशिकचं आभाळ भरलेलं, नामिबियात तेव्हा कोरडा हिवाळा. आकाशगंगेचा मध्यभाग तिथे जवळजवळ डोक्यावर येतो. आपल्याकडे तो दक्षिणेला ४० अंशांच्या आसपासच राहतो. अमावस्या गाठा. २० मिमी, एफ २.८, आयएसओ ३२००, १५ सेकंद. त्याहून जास्त ठेवलं तर मोठ्या प्रिंटमध्ये तारे रेघोट्या होतात. पहाटे थंडीने बॅटरी लवकर उतरते, जादाची खिशात अंगाशी ठेवा.

जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. २०००० एमएएचची बँक ७४ वॅट-आवर होते, १०० च्या आत, म्हणून चालते. महागडी बॉडी असेल तर निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, बिल आणि सीरियल नंबर दाखवून. परतताना ड्यूटीचा वाद उरत नाही. ड्रोन जॉर्डन, मोरोक्को, इजिप्तला नेऊच नका, परवानगी नसेल तर विमानतळावरच काढून घेतात.

मखमलाबाद
जाण्याआधी सराव हवा असेल तर मे महिन्यात गंगापूर धरणाचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या भेगाळ गाळावर पहाटे जा. २० मिमी, एफ ११, फोकस सव्वा मीटरवर: साधारण दोन फुटांपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. ऊन तिरपं असेपर्यंत भेगांना सावली असते. सूर्य वर आला की त्याच भेगा सपाट दिसतात, आणि हे डोळ्यांनी एकदा पाहिलं की घड्याळ कसं लावायचं ते कळतं.