मांजरासाठी लोकरीची फेल्ट केलेली गुहा: लोकर कुठली, किती, आणि धागे चघळणाऱ्या मांजराला चालेल का?

धागादोरा

क्रोशाने मांजरासाठी वरून झाकलेली गुहा विणायची आहे आणि मग गरम पाण्यात आटवून ती जाड फेल्ट करायची आहे, म्हणजे तंतू एकमेकांत रुतून घट्ट कापड झालं पाहिजे. मांजर पूर्ण वाढलेलं, साधारण साडेचार किलोचं, अंगाची मोट करून झोपणारं.

लेबलवर '१०० टक्के वूल' लिहिलेल्या लोकरीचा नमुना विणून ६० अंशांवर धुतला. तो होता तेवढाच राहिला, फक्त थोडा मऊ झाला. लेबल खोटं समजायचं का? तयार गुहा ४५ सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच हवी, तर विणताना माप किती धरायचं आणि लोकर किती लागेल? मशीनचं दार समोरून उघडतं, त्यामुळे मध्येच उघडून बघता येत नाही.

आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे मांजराला धागे चघळायची सवय आहे. अशा मांजराला लोकरीची वस्तू द्यावी की नाही?

जाडाभरडा

लेबल खरंच असणार. लोकर सुपरवॉश आहे, एवढंच.

लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ऊब, ओल आणि घर्षण मिळालं की तंतू सरकतात, पण खवल्यांमुळे त्यांना एकाच दिशेने सरकता येतं, मागे येता येत नाही. म्हणून ते एकमेकांत रुतत जातात आणि कापड आटतं. सुपरवॉश करताना हे खवले क्लोरीनच्या प्रक्रियेने बोथट करतात आणि वर पॉलिमरचा पातळ थर देतात. तंतू लोकरीचाच राहतो, आटायची ताकद मात्र जाते. पाणी आणखी गरम करून काही उपयोग नाही. ही लोकर मोजे-टोप्यांसाठी ठेवून द्या.

लोकर घेताना लेबलवर 'मशीनमध्ये धुता येते' असं असेल तर ती बाजूला ठेवायची. 'फक्त हाताने, थंड पाण्यात' असं असेल तर आशा आहे. खात्री करायला धाग्याची दोन टोकं विस्कटून एकमेकांवर ठेवा, कोमट पाण्याने भिजवा आणि तळहातांमध्ये जोरात चोळा. अर्ध्या-एक मिनिटात टोकं जुळून एकच धागा झाला तर ती लोकर फेल्ट होईल. सुटी राहिली तर नाही होणार.

धागा जाळून बघा असंही सांगितलं जातं. त्यातून ॲक्रिलिक ओळखता येतं, कारण ते वितळून कडक काळी गोळी होते, तर लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. पण सुपरवॉश लोकरही लोकरीसारखीच जळते, म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळणार नाही.

रंगांचंही बघा. रंग आणि ब्लीच यांचा तंतूवर परिणाम होतो, त्यामुळे एकाच कंपनीची पांढरी लोकर गडद रंगापेक्षा हळू आटू शकते. दोन रंगांचे पट्टे घ्यायचे असतील तर दोन्हींचा नमुना हवाच, नाहीतर एक पट्टा घट्ट आणि शेजारचा सैल असं होऊन भिंत वाकडी होते. अल्पाका नावाच्या प्राण्याची लोकर फेल्ट होते, पण लुळी पडते. उभी राहणारी वस्तू करायची तर साधी, थोडी चरचरीत मेंढीची लोकरच चांगली.

फेरीमोजणी

मापाचा हिशेब नमुन्यावरून करा. 'लोकर तिसरा हिस्सा आटते' असे ठोक आकडे वापरू नका. लोकर, सुई आणि मशीन बदललं की आकडा बदलतो.

मध्यम जाडीची, म्हणजे १०० ग्रॅमला साधारण २०० मीटर भरणारी लोकर दुपदरी घ्या आणि सुई १० मिमीची. विणकाम जाळीदार, सैल दिसलं पाहिजे. घट्ट विणलं तर तंतूंना सरकायला जागा राहत नाही आणि कापड फेल्ट न होता नुसतं कडक होतं. मुक्या खांबांचा, म्हणजे सिंगल क्रोशेचा, २० सेंमी लांब-रुंद चौकोन विणा. धुण्याआधी त्याचे टाके मोजा, ओळी मोजा आणि वजन करा. मग फेल्ट करून, वाळवून पुन्हा मोजा.

समजा चौकोन २० ग्रॅमचा भरला, १० सेंमीत ८ टाके बसले, एक ओळ १.२ सेंमी उंच आली आणि फेल्ट झाल्यावर चौकोन १५ सेंमी रुंद आणि १४ सेंमी उंच राहिला. मग ४५ सेंमी रुंदीसाठी ४५ × २० ÷ १५, म्हणजे ६० सेंमी रुंद विणायचं. उंचीचा हिशेब वेगळा: ३० × २० ÷ १४, म्हणजे साधारण ४३ सेंमी. टाक्यांच्या आणि ओळींच्या दिशेने आटणं सारखं नसतं. एकच आकडा दोन्हीकडे लावला तर गुहा बसकी होते.

तळ: ६ टाक्यांनी सुरुवात करून दर फेरीत ६ टाके वाढवा. २५ फेऱ्यांनंतर १५० टाके आणि साधारण ६० सेंमीचा गोल होतो. वाढ दर वेळी एकाच जागी एकावर एक आली तर गोलाचा षटकोन होतो, म्हणून प्रत्येक फेरीत ती थोडी पुढे-मागे करा. कडेला लाटा आल्या तर टाके जास्त झालेत, वाटीसारखं वळलं तर कमी पडलेत.

भिंत: न वाढवता ४ फेऱ्या. हा उंबरा, तो असला की आतली चादर बाहेर घसरत नाही. मग तोंडासाठी १९ टाके सोडून उरलेल्या १३१ टाक्यांवर उलटसुलट २० ओळी. मग १९ साखळ्या घालून गोल पुन्हा जोडा आणि ३ फेऱ्या विणा. फेल्ट झाल्यावर तोंड सुमारे १८ सेंमी रुंद आणि १७ सेंमी उंच राहतं. शेवटी तोंडाभोवती मुक्या खांबांची एक फेरी हवीच, नाहीतर साखळीची कड ओढली जाऊन ताणते.

छत: दर फेरीत ६ टाके घटवत १५० वरून ६ वर यायचं. पण सलग घटवलं तर छत सपाट होतं आणि एवढ्या रुंदीचं सपाट छत मधे बसतंच. म्हणून पहिल्या ८ घटीच्या फेऱ्यांत दर दोन फेऱ्यांनंतर एक साधी फेरी घाला. हलका घुमट येतो आणि एकूण उंची ३० सेंमीच्या आसपास राहते. वर सांगितलेली भिंत ४३ सेंमीपेक्षा बुटकी आहे ती यासाठीच, बाकीची उंची घुमटातून मिळते.

लोकर: या सगळ्याचं क्षेत्रफळ साधारण १२,००० चौरस सेंमी होतं. नमुना ४०० चौरस सेंमीला २० ग्रॅम, म्हणजे गुहेला ६०० ग्रॅम. एकाच रंगाच्या खेपेची ७०० ग्रॅम घेऊन ठेवा. तुमचा नमुना जास्त वजनाचा भरला तर त्याच पटीत वाढवा.

वाफाळ

समोरच्या दाराचं मशीन चालतं, फक्त एकाच लांब फेरीत काम उरकायचं नाही. ६० अंशांची जी सगळ्यात छोटी फेरी असेल ती लावायची, गुहा बाहेर काढून मोजायची आणि गरज असेल तर पुन्हा लावायची. कमी आटलेलं आणखी आटवता येतं, जास्त आटलेलं परत मिळत नाही.

गुहा चेन असलेल्या उशीच्या अभ्र्यात घाला. सुटलेले तंतू गाळणीत आणि पंपात अडकतात, अभ्रा नसेल तर मशीन तुंबू शकतं. सोबत दोन जुन्या जीन्स टाका, घासायला काहीतरी जड लागतं. टॉवेल नको, त्याचे धागे फेल्टमध्ये कायमचे रुततात. साबण चमचाभरच. जास्त फेस झाला की तोच मधे गादीसारखा बसतो आणि घर्षण होत नाही. स्पिन सगळ्यात कमी वेगावर. वेगाच्या स्पिनमध्ये पडलेली घडी फेल्टमध्ये पक्की होते, नंतर निघत नाही.

दोन गोष्टी विसरू नका. तोंडाच्या कडा सुती दोऱ्याने मोठ्या टाक्यांनी कच्च्या शिवून बंद करा. तोंड फाकत नाही, आणि सुती दोरा फेल्ट होत नसल्यामुळे नंतर सहज निघतो. दुसरं म्हणजे प्रत्येक फेरीनंतर हात घालून आतल्या भिंती एकमेकींपासून सोडवा. छत तळावर चिकटून तिथेच फेल्ट झालं तर सोडवताना कापड फाटतं.

टाके दिसेनासे झाले आणि कापड ओढल्यावर ताणत नाही असं वाटलं की थांबा. एखादा भाग मागे राहिला असेल तर पूर्ण गुहा पुन्हा मशीनमध्ये घालू नका. तेवढ्याच जागी गरम पाणी आणि साबणाची वडी घेऊन हाताने चोळा.

मग थंड पाण्यात स्वच्छ खळबळा. पाणी अगदी नितळ येईपर्यंत, कारण मांजर अंग चाटतं आणि फेल्टमधला साबण आणि सुटा रंग त्याच्या पोटात जातो. आकार ओलं असतानाच द्यायचा: आत फुगवलेला चेंडू किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कपड्यांचे बोळे ठासून भरा, तळ सपाट थापा, भिंत तळहाताने गोल करा. पंख्याखाली ठेवून दोन ते चार दिवस लागतात. वरून कोरडं वाटलं तरी तळ ओला असतो, म्हणून मधून मधून आडवी करा.

मिशीवाली

तुमचा शेवटचा प्रश्न आधी सोडवा, मग विणायला बसा. चघळणं आणि गिळणं यांत फरक करावा लागतो.

मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले काटे असतात. धागा तोंडात गेला की बाहेर थुंकणं त्याला अवघड, तो आतच जातो. त्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या आतड्याकडच्या तोंडाशी अडकलं आणि बाकीचा धागा आतड्यात उतरला, की आतडं धाग्यावर चुण्यांसारखं गोळा होतं. ताणलेला धागा आतड्याची भिंत कापूही शकतो. हे शस्त्रक्रियेचं प्रकरण आहे. लोकर, शिवणाचा दोरा, रिबन, इलॅस्टिक, सगळ्यांचा धोका सारखाच. दोऱ्याला सुई असेल तर विचारूच नका.

धागा तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबताना दिसला तर ओढू नका. ओढल्याने आत कापलं जातं. उलटी करवण्याचे घरगुती उपायही नकोत. तसंच डॉक्टरकडे न्या. धागा गिळताना कोणी पाहिलं नसेल, पण मांजर वारंवार ओकतंय, खात नाही, लाळ गाळतंय किंवा कोपऱ्यात दडून बसतंय, तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही.

आता गुहेबद्दल. नीट फेल्ट झालेल्या कापडात सुटा धागा उरत नाही, कापलं तरी उसवत नाही. म्हणून साध्या विणलेल्या चादरीपेक्षा ते बरंच सुरक्षित. नुसतं चोखणारं, पंजांनी तुडवणारं मांजर असेल तर चालेल. पण काही मांजरं लोकर चावून तुकडे गिळतात. सयामी आणि बर्मी जातींत हे जास्त दिसतं. तुमच्या मांजराने कधी कापडाला भोकं पाडली असतील तर त्याला लोकरीचं काहीच देऊ नका, फेल्टसुद्धा नाही, आणि डॉक्टरांना ही सवय सांगा. त्यामागे रक्तक्षय किंवा पोटाचा आजारही असू शकतो.

शंका असेल तर आधी हाताएवढा फेल्टचा तुकडा द्या आणि समोर बसून बघा. फक्त चाटतंय की दाढेखाली धरून कुरतडतंय, ते लगेच कळतं. सजावटीला मणी, बटणं, घुंगरू, गोंडे काही नको.

विणतानाची शिस्तही याच कारणासाठी. चालू काम चेनच्या पिशवीत, गुंडे घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि धाग्याला बाहेर यायला डब्याला एक छोटं भोक. कापलेली टोकं टेबलावर न ठेवता लगेच झाकणाच्या बरणीत. उघडी कचराकुंडी म्हणजे मांजराला आमंत्रण. विणायला बसण्याआधी दहा मिनिटं मांजराशी खेळून त्याला दमवलं तर सुईमागे धावणं पुष्कळ कमी होतं. खेळायची दोरीची काठी मात्र खेळ संपला की कपाटात.

धागादोरा

भोकं कधी पाडलेली नाहीत, फक्त चोखतं. तरी तुकडा देऊन आधी बघणार. दोन शंका उरल्या: लोकरीच्या साठ्यात कसरीसाठी डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या आहेत, त्या लोकरीची गुहा चालेल का? आणि तयार गुहा धुवायची कशी?

मिशीवाली

डांबराच्या गोळ्या मांजर असलेल्या घरात अजिबात नकोत. नॅफ्थलीन मांजरांना विषारी आहे, आणि ती वाफ लोकरीत मुरते. त्या लोकरीची गुहा करू नका, मांजर तासन्‌तास त्यात नाक खुपसून झोपणार आहे. टी ट्रीसारखी सुगंधी तेलंही नकोत, ती पचवून बाहेर टाकायची यंत्रणा मांजराच्या यकृतात कमकुवत असते.

कसरीसाठी लोकर हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आतली लोकर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दव धरून ती ओली होते. मग झाकणाच्या डब्यात.

वाफाळ

धुणं शक्यतो टाळायचं. केस ओलसर रबरी हातमोज्याने एका दिशेने ओढले की गोळा होऊन निघतात. डाग पडला तर तेवढ्याच जागी थंड पाणी आणि फडकं, चोळायचं नाही, दाबून टिपायचं. पूर्ण धुवायची वेळ आलीच तर टबात थंड पाणी, थोडा सौम्य साबण, अर्धा तास बुडवून ठेवा, दाबून पाणी काढा आणि पहिल्यासारखीच आत चेंडू भरून वाळवा. मशीनमध्ये पुन्हा घातली की ती पुन्हा आटते, आणि मग मांजर मावत नाही.