भूतकथा लिहितेय, इंदूरच्या जुन्या भागातली. भूत कुठे ठेवू?

सांगलीची_पाहुणी:
अकरावीत आहे. बाबांची बदली झाली म्हणून जूनमध्ये इंदूरला आलोय, लोकमान्य नगरात राहतो. गणपतीत निघणाऱ्या मंडळाच्या हस्तलिखितासाठी भूतकथा द्यायचीय. नायिका माझ्यासारखीच, शहरात नवी, ओळखीचं कोणी नाही. सगळे म्हणतात ती पडकी वास्तू, फूटी कोठी घे. पण तिथल्या चौकात एवढी रहदारी, की भुतालाच रस्ता ओलांडता येणार नाही. होळकरांच्या राजवाड्याच्या आसपास काही जमेल का? (आई म्हणते, आधी केमिस्ट्रीचं भूत उतरव.)

राजवाड्याचे_काका:
फूटी कोठी सोडच. पडकी वास्तू, वटवाघळं, पांढरी साडी, सगळं लिहून झालंय लोकांचं. आणि रात्रीचा राजवाडा सामसूम दाखवलास तर इंदूरवाले हसतील, पोरी. बाजूच्या सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं शटर ओढतात आणि त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात. मध्यरात्र उलटली तरी गर्दी हलत नाही. थंडीत गराडू (एक कंद) तळतात, वर मसाला भुरभुरतात, लिंबू पिळतात. कढईभोवती उभं राहायला जागा नसते. भूत तिथे आण, माणसांत.

नायिका परगावची आहे, हाच तुझा हुकमाचा पत्ता. भूत तिच्याशी बोलताना भलतंच काही बोलून जाईल आणि तिला पत्ताच लागणार नाही. वाचणाऱ्या इंदुरी माणसाला मात्र लागेल. समज, तिच्याच वयाची एक मुलगी शेजारी येते. म्हणते, "आम्ही राजवाड्यातच राहतो, मागच्या बाजूला, अगदी वर. लाकडी जिना आहे, रात्री फार करकरतो." आता राजवाडा सात मजली, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १८०१ आणि १९०८ साली आग लागलीच होती, १९८४ च्या दंगलीत तर मागचा सगळा भाग जळाला, दर्शनी बाजू तेवढी वाचली. मागे आज जे दिसतं ते नंतर बांधलेलं. पण हे सांगलीच्या मुलीला कोण सांगणार? ती आपली विचारते, "मग मी येऊ का कधी?"

छावणीवाला:
भिया, गराडूचे पैसे कोणी दिले ते पण लिहायला सांगा. सराफ्यात भुताला उधारी नाही.
माझ्या मते रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, घ्यावी. टँकरवरून चार-चार मजले उंच रंग उडतो, राजवाड्यापुढे सख्खा भाऊ ओळखू येत नाही. त्या गर्दीत एकीच्या अंगावर रंगच बसत नाही!

राजवाड्याचे_काका:
हे झकास आहे, भरदिवसा भूत! पण दोन्ही एकाच गोष्टीत कोंबू नकोस.

सांगलीची_पाहुणी:
सराफाच घेते, गेर मी अजून पाहिलेली नाही. पण काका, ती भूत होती हे शेवटी तिला कळायला हवं ना? कोण सांगतं?

राजवाड्याचे_काका:
कोणी सांगू नकोस. ती घरी येऊन म्हणेल, "आई, मैत्रीण मिळाली, राजवाड्यात राहते." आईही नवीच. ती म्हणेल, "बरं झालं बाई, रविवारी जेवायला बोलाव तिला." संपली गोष्ट.
आणि हस्तलिखित आहे, तेव्हा अक्षर नीट काढ.